मिस्ड कॉल देणारे मैदानात का आले नाहीत?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. निवांत असाल तेव्हा वाचा. पण अर्धी वाचून 'छान माहिती सर' म्हणून पुढे जाऊ नका, कारण विषय फिरून आपल्याच गावावर येणार आहे.

तारीख २७ डिसेंबर २०११. मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुल, एमएमआरडीएचं मैदान. लोकपाल कायद्यासाठी अण्णा हजारे तीन दिवसांच्या उपोषणाला बसले. मांडव मोठा, व्यासपीठ मोठं, चॅनेलवाल्यांच्या गाड्यांची रांग. सगळं जागच्या जागी होतं, फक्त माणसं नव्हती. म्हणजे अगदीच नव्हती असं नाही, काही हजार होती, पण त्या मैदानात काही हजार माणसं हरवून जातात. दुसऱ्याच दिवशी प्रकृतीच्या कारणाने उपोषण सुटलं आणि त्यानंतरचं जेलभरो आंदोलनही रद्द झालं.

याच माणसासाठी चार महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, दिल्लीचं रामलीला मैदान दिवसेंदिवस भरलेलं होतं. माणूस तोच, टोपी तीच, मागणी तीच, फेसबुक पेज तेच. मिस्ड कॉल देऊन पाठिंबा नोंदवलेल्यांचे नंबर हाताशी. मग चार महिन्यांत झालं काय?

हल्ली गावोगाव सोशल मीडियाची स्ट्रॅटेजी विकणारे फिरतायत. महिन्याला इतके रील, इतक्या पोस्ट, इतका 'रीच', असं पॅकेज असतं. नगरपालिकेला उभा राहणारा घेतो, साखर कारखान्याचं पॅनेल घेतं, आता तर गणेश मंडळंही घेतात. ही मंडळी यशाच्या गोष्टी सांगतात. डिसेंबर २०११ ची गोष्ट मात्र त्यांच्यातल्या कुणी सांगितलेली मी ऐकलेली नाही. माझ्या मते त्यांच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा तिथेच आहे.

तरुण वाचकांसाठी आधी थोडं मागे जाऊ. एप्रिल २०११ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आपल्याकडे नावापुरतं होतं. हातात साधा फोन, इनकमिंग फुकट, आउटगोइंगला पैसे. त्यामुळे मिस्ड कॉल ही आपल्याकडची एक स्वतंत्र भाषाच होती. पोचलो की एक रिंग, खाली ये म्हणून दोन रिंगा. इंडिया अगेन्स्ट करप्शनच्या लोकांनी ही सवय बरोबर हेरली. एका नंबरवर मिस्ड कॉल द्या, पाठिंबा नोंदवला जाईल. खर्च शून्य, वेळ पाच सेकंद, आणि ज्याला इंग्रजी टाइप करता येत नाही त्यालाही जमेल असं. कल्पना खरंच भारी होती, यात वाद नाही. पुढे राजकीय पक्षांनी सदस्य नोंदणीसाठी तीच उचलली.

उपोषणाची वेळही साधली गेली. २ एप्रिलला वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला. ८ एप्रिलला आयपीएल सुरू होणार होतं. मधल्या फटीत, ५ एप्रिलला, अण्णा जंतरमंतरवर बसले. ठरवून साधली की जुळून आली, यावर वाद घाला. पण देश टीव्हीसमोर बसलेला होता, मनातून खूश होता, आणि क्रिकेट नव्हतं. मागणी एका वाक्यात सांगता येण्यासारखी होती: लोकपाल कायद्याचा मसुदा करणाऱ्या समितीत सरकारसोबत नागरिकांचे प्रतिनिधीही घ्या. चार दिवसांत सरकारने अधिसूचना काढली आणि ९ एप्रिलला उपोषण सुटलं. मागणी काय होती आणि मिळालं काय, हे पानपट्टीवरचा माणूसही सांगू शकत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑगस्टमध्ये तर सरकारनेच मदत केली म्हणायचं. १६ ऑगस्टला सकाळी उपोषणाआधीच अण्णांना अटक झाली आणि रवानगी तिहारला. संध्याकाळी सोडायची तयारी झाली तर अण्णा बाहेर यायला तयार नाहीत. तीन दिवस जेलच्या दारात गर्दी. १९ तारखेला ते रामलीला मैदानावर गेले. त्याच दिवशी मुंबईत डबेवाल्यांनी काम बंद ठेवलं. शंभर वर्षांवर ज्यांनी डबा चुकवला नाही, त्या माणसांनी! २७ ऑगस्टला संसदेने अण्णांच्या तीन मुद्द्यांवर तत्त्वतः सहमती दाखवली आणि २८ ला उपोषण संपलं.

त्या दिवसांत मी आपल्याच भागात बातमीदारी करत होतो. फेसबुक किती जणांकडे होतं? कॉलेजची काही पोरं, दोन-तीन डॉक्टर, कॉम्प्युटर क्लासवाले. तरीही गावात मोर्चे निघाले, प्रभातफेऱ्या निघाल्या, मेणबत्त्या लागल्या. आणले कुणी लोक? व्यापारी असोसिएशनने दुकानं बंद ठेवली. शाळांनी पोरं रस्त्यावर आणली. बार असोसिएशनचे वकील आले. एका भजनी मंडळाने चौकात रात्रभर भजन केलं. म्हणजे माणसं आधीच कुठल्या ना कुठल्या दोरीने बांधलेली होती. टीव्हीने आणि मोबाइलने त्यांना फक्त वेळ आणि जागा सांगितली.

दिल्लीतही तसंच. अरविंद केजरीवाल यांच्या 'परिवर्तन' संस्थेने कितीतरी वर्षं तिथल्या वस्त्यांमध्ये रेशन आणि माहिती अधिकारावर काम केलेलं होतं. वेगवेगळ्या संघटनांचे, आध्यात्मिक गुरूंचे अनुयायी आपापल्या साखळीतून येत होते. रामलीला मैदान नवी दिल्ली स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथे खायला मिळत होतं, प्यायला पाणी होतं. फेसबुकवर फोटो या मैदानाचा दिसायचा, आणि मैदान मात्र या गोष्टींवर चालायचं.

खुद्द अण्णा तर सोशल मीडियाच्या आधीचे. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी, यादवबाबांचं मंदिर, पाणलोटाचं काम, १९९२ चं पद्मभूषण हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९९१ पासूनच्या भ्रष्टाचार विरोधी जन आंदोलनाबद्दल मात्र कमी बोललं जातं. जिल्ह्याजिल्ह्यात, तालुक्यातालुक्यात समित्या होत्या. त्यात कोण असायचं? निवृत्त शिक्षक, एखादा जिद्दी शेतकरी, तहसीलच्या चकरा मारून वैतागलेला माणूस. एसटीने यायचे, पिशवीत कागद. यातले काही विचित्र होते, काही भांडखोर होते, आम्हा पत्रकारांचा तासन्‌तास वेळ खायचे. पण ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण झालं आणि महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा मार्गी लागला, तो याच पिशवीवाल्या माणसांच्या जोरावर. केंद्राचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. तेव्हा ना पेज होतं, ना हॅशटॅग.

'म्हणजे सोशल मीडिया काही कामाचाच नाही का?' असं कुणी म्हणेल. तसं मी म्हणत नाही. त्यासाठी इजिप्तची गोष्ट सांगतो. त्याच वर्षीची आहे, आणि फेसबुकने क्रांती केली म्हणून जगभर गाजलेली आहे.

जून २०१०. अलेक्झांड्रिया शहरात खालेद सईद नावाच्या २८ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी मारहाण केली, त्यात तो मेला. शवागारात काढलेला त्याच्या चेहऱ्याचा फोटो इंटरनेटवर आला. दुबईत गुगलमध्ये मार्केटिंगचं काम करणाऱ्या वाएल घोनिम या इजिप्शियन माणसाने नाव न सांगता एक फेसबुक पेज काढलं: 'आम्ही सगळे खालेद सईद'.

हा माणूस मार्केटिंगमधला, त्यामुळे त्याने काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. पहिलं म्हणजे भाषा. अरबीत पुस्तकी भाषा वेगळी आणि घरातली वेगळी. त्याने पोस्ट घरातल्या बोलीत लिहिल्या, आणि तेही जणू खालेद स्वतः बोलतोय अशा. आपल्याकडच्या समित्यांच्या पोस्ट आठवा. 'उपरोक्त विषयान्वये समस्त नागरिकांना आवाहन करण्यात येते की...' कोण वाचणार?

त्याहून महत्त्वाचं, त्याने लोकांकडून एकदम काही मोठं मागितलं नाही. आधी नुसतं पेजवर या. मग प्रोफाइलला खालेदचा फोटो लावा. मग हातात कागद धरून स्वतःचा फोटो पाठवा. इथे माणूस पहिल्यांदा चेहरा दाखवतो. इजिप्तसारख्या देशात, जिथे पोलिसांची भीती घराघरात, तिथे ही साधी गोष्ट नव्हती. आणि मग त्याने मागितलं ते असं: काळे कपडे घालून समुद्राकाठी किंवा नाईलच्या काठी या, रस्त्याकडे पाठ करा, पाण्याकडे बघत उभे राहा. एकमेकांपासून अंतर ठेवा म्हणजे जमाव म्हणता येणार नाही. घोषणा नाहीत. हवं तर कुराण वाचा, बायबल वाचा, तासाभराने घरी जा.

यात विचार किती आहे बघा. घाबरलेल्या माणसाला जमेल एवढंच मागितलंय. आलेल्याला आपल्यासारखे आणखी शेकडो जण डोळ्यांनी दिसतात, आणि घरी गेल्यावर तो फोटो टाकतो, म्हणजे पुढच्या वेळचा प्रचार तोच करतो. काय करायचं हे त्याने सदस्यांना विचारूनही ठरवलं. सहा-सात महिने ही अशी तालीम चालली. तेव्हा कुठे ट्युनिशियाचा अध्यक्ष १४ जानेवारी २०११ ला देश सोडून पळाल्यावर २५ जानेवारीचं आवाहन आलं. तो तिथला पोलीस दिन होता, हेही मुद्दाम.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. २५ जानेवारीला कैरोत कुठे जमायचं, अशी वीस ठिकाणं आंदोलकांनी जाहीर केली. पोलीस त्या वीस ठिकाणी जाऊन उभे राहिले. एकविसावं ठिकाण इंटरनेटवर टाकलंच नव्हतं. बुलाक अल-दकरूर ही कामगारांची दाट वस्ती. कार्यकर्ते आधी तिथल्या गल्ल्यांमधून फिरून आले होते. तिथून निघालेला मोर्चा वाढत वाढत तहरीर चौकात पोचला. फेसबुक क्रांती म्हणून गाजलेल्या आंदोलनातली सगळ्यात महत्त्वाची जागा फेसबुकवर नव्हती!

पुढे २७-२८ जानेवारीच्या रात्री सरकारने देशाचं इंटरनेटच बंद केलं. घोनिमलाही उचललं होतं. आणि २८ तारखेला, शुक्रवारी, आधीपेक्षा कितीतरी मोठी गर्दी रस्त्यावर आली. नमाज संपल्यावर मशिदींमधून माणसं निघाली. ज्यांना बातमी कळत नव्हती ते बघायला म्हणून बाहेर पडले. अठरा दिवसांत, ११ फेब्रुवारीला, मुबारक गेले.

यश मिळालं, पण गोष्ट तिथे थांबत नाही. २०१२ च्या निवडणुकीत जिंकले कोण? मुस्लिम ब्रदरहूड, ज्यांचं गल्लोगल्ली दवाखान्यांचं, मदतीचं जाळं कित्येक दशकांचं होतं. २०१३ मध्ये लष्कराने त्यांनाही हटवलं. पेजवाल्या पोरांकडे तहरीर चौक होता, मतदारसंघ नव्हता. इंटरनेट असलं की समाज मोकळा करता येतो ही आपली समजूत चुकीची होती, असं घोनिमनेच पुढे जाहीरपणे मांडलं.

आता या पायऱ्या घेऊन पुन्हा एमएमआरडीए मैदानावर या.

मिस्ड कॉल देणाऱ्याला त्यानंतर कुणी काय मागितलं? एसएमएस आले, पण त्यात मधली पायरीच नव्हती. खाली पाच सेकंदांचा मिस्ड कॉल आणि वर एकदम तीन दिवस मैदानात या, तुरुंगात चला. मधे मोकळी हवा. तुमच्या वॉर्डात सहीसाठी दहा घरं फिरा, रविवारी बागेत एक तास भेटा, असलं काही ठोस, सगळ्यांपर्यंत पोचेल असं नव्हतं. यादी होती, पण यादीतला माणूस कुठल्या गल्लीत राहतो आणि त्याच्या दाराची कडी कोण वाजवणार, हे ठरलेलं नव्हतं.

जागेचंही बघा. दिल्लीत कडाक्याची थंडी, म्हणून उपोषण मुंबईला आणलं. मुंबईत आंदोलनाचं मैदान म्हणजे आझाद मैदान, सीएसटीला उतरलं की समोर. त्याऐवजी बीकेसी. वांद्रे किंवा कुर्ल्याला उतरा, मग बस धरा नाहीतर रिक्षा. नोकरदार माणूस ऑफिस सुटल्यावर डोंबिवलीची गाडी पकडेल की तिकडे जाईल? वर नाताळ आणि वर्षअखेरीचा आठवडा. मैदानाच्या भाड्यात सवलत मागायला हायकोर्टात जाणं झालं, तिथे नकार मिळाला, त्याच्याच बातम्या आधीचे काही दिवस चालल्या. चुकीच्या वेळी चुकीची बातमी चालणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

आणि मागणी? एप्रिलमध्ये एका वाक्यात सांगता येत होती. डिसेंबरमध्ये २७ तारखेलाच लोकसभेत सरकारचं लोकपाल विधेयक मंजूर होत होतं. तपास यंत्रणा कुणाच्या हाताखाली, निवड समितीत कोण, अशा कलमांवर भांडण होतं. मुद्दे खरे होते, पण लोकलमध्ये उभं राहून शेजाऱ्याला समजावता येणारे नव्हते. 'कायदा तर होतोय ना, मग आता काय?' हा प्रश्न मी स्वतः तेव्हा चार ठिकाणी ऐकला.

माझं मत असं की फेसबुकने त्या आंदोलनाचं नुकसान केलं नाही, पण पुढाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आकडा दिसत होता, त्यामुळे माणसं आहेत असं धरून चालले. महाराष्ट्र तर अण्णांचा घरचा! तालुक्यातालुक्यातले जुने पिशवीवाले कार्यकर्ते या सगळ्या झगमगाटात कुठे होते, हा प्रश्न मला आजही पडतो. आपल्या भागातल्या अशा दोघांना मी तेव्हा विचारलं होतं. एक म्हणाला, मला कुणी बोलावलंच नाही. दुसऱ्याने टीव्ही बंद केला आणि चहा टाकायला सांगितला.

पुढचं थोडक्यात. नोव्हेंबर २०१२ मध्ये आंदोलनातल्या एका गटाने आम आदमी पक्ष काढला. तो पक्ष पटो न पटो, त्यांनी डिसेंबरच्या मैदानातून धडा घेतला असं मला वाटतं, कारण वर्षभर ते दिल्लीत गल्लीबोळात फिरले आणि पहिल्याच निवडणुकीत सत्तरपैकी २८ जागा घेऊन आले. लोकपाल कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संसदेत झाला, पहिला लोकपाल नेमायला मार्च २०१९ उजाडलं. आणि मार्च २०१८ मध्ये अण्णा पुन्हा त्याच रामलीला मैदानावर बसले. तोवर स्वस्त डेटा आला होता, व्हॉट्सअ‍ॅप शेतातल्या माणसाच्या हातात होतं, २०११ च्या कितीतरी पट लोकांपर्यंत एका मिनिटात पोचता येत होतं. मैदान मात्र भरलं नाही.

आता आपल्याकडे या.

आपल्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही आणि भूलतज्ज्ञ नाही. अडलेली बाई रात्री दोन वाजता आली की चिठ्ठी लिहून जिल्ह्याला पाठवतात. तो रस्ता कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. यासाठी कृती समिती आहे, तिचे दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भरलेले आहेत, आणि पावसाळ्यात केलेला रील लाखावर लोकांनी बघितला. त्यानंतरच्या धरण्याला माणसं होती सदतीस. त्यात आम्ही पत्रकार नऊ. आता समितीत चर्चा आहे की लोकवर्गणी काढून एखाद्या एजन्सीला तीन महिन्यांचं काम द्यावं.

माझा विरोध आहे, आणि तो इथे उघड लिहितोय. रील बघणाऱ्या लाखातले आपल्या तालुक्यातले किती, हे कुणी बघितलेलं नाही. आरोग्य उपसंचालकांना रीलने फरक पडत नाही. किती बायका, कुठल्या तारखेला, किती वाजता पाठवल्या, त्यातल्या किती रस्त्यात बाळंत झाल्या, याची यादी टेबलावर ठेवली तर पडतो. ती यादी सरकारकडेही आहे आणि आपल्या घराघरातही आहे. सरकारकडची काढायला माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. रुग्णालयाकडचा गेल्या दोन वर्षांचा रेफर रजिस्टरचा अर्ज मी सोमवारी टाकतोय.

घराघरातली यादी मात्र तुमच्याशिवाय होणार नाही. म्हणून एवढंच मागतोय. येत्या शनिवारी आठवडी बाजारात, पोस्टाच्या समोर, सकाळी दहा ते एक टेबल असेल. घरात कुणाला गेल्या दोन वर्षांत रात्री जिल्ह्याला पाठवलं असेल तर त्या चिठ्ठीची झेरॉक्स आणा. चिठ्ठी हरवली असेल तर तारीख आणि वेळ सांगा, आम्ही लिहून घेऊ. बाईचं नाव बाहेर जाणार नाही, ती जबाबदारी माझी. टेबलावर तासभर बसायला प्रत्येक वॉर्डातून दोघं हवेत, त्यातली एक बाई असलेली बरी, कारण या गोष्टी बाया आमच्यासमोर बोलत नाहीत. आशाताईंशी बोलणं झालंय, त्या त्यांच्या परीने मदत करतायत, पण त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे, त्यांना पुढे करायचं नाही.

ही पोस्ट शेअर केली नाही तरी चालेल. मला मेसेज करा, त्यात 'पाठिंबा' लिहू नका, वॉर्ड नंबर लिहा आणि दहा ते एकमधला कुठला तास जमेल ते लिहा. वॉर्ड चार आणि अकराचे दोघं-दोघं ठरलेत. बाकीचे अजून रिकामे आहेत.